भुलाबाईचा डबा इंग्रजीच्या तासाला

इंग्रजीतले दोनच शब्द मला खात्रीनं येतात, यस आणि नो. शाळा चौथीपर्यंत झाली. तेव्हा नववीच्या पोरांना इंग्रजी कसं शिकवावं यावर मी बोलायला नको होतं. बोललो. नुसता बोलून थांबलो असतो तरी निभावलं असतं.

आमचं गाव किन्हीराजाच्या अंगाला. मुलगा आणि सून पुण्याला कंपनीत आहेत. नात नववीत, लहानपणापासून आमच्यापाशी, म्हणजे खरं तर तिच्या आजीपाशी. मी घरात जेवायला आणि झोपायला असायचो. चैत्रात म्हातारी गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, एकमेकांशी काय बोलावं हे न कळणारे.

पाऊस लागल्यावर शाळेत पालकसभा झाली. इंग्रजीला नवीन मॅडम आल्या होत्या. तरण्याच, मालेगावहून काळीपिवळी जीपनं येणाऱ्या. आधीचे सर एक ओळ वाचायचे, तिचा अर्थ सांगायचे, मग पुढची ओळ. उत्तरं गाईडातली पाठ. पोरं एका सुरात पाठ करायची, ते रस्त्यापर्यंत ऐकू यायचं, आणि आम्हाला वाटायचं, शिक्षण जोरात चाललं आहे.

मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातले धडे होतीलच. पण एक धडा थोडा मागं ठेवून त्याच्या जागी मुलांच्या घरातलं इंग्रजी वाचायचं म्हणते मी. बियाण्याची पिशवी, फवारणीच्या औषधाचं लेबल, तेलाचा पुडा, जे असेल ते पाठवा."

मी उभा राहिलो. "पिशव्या तं आमी घरी बी पाहतो मॅडम. त्याच पाहाच्या असतीन तं पोट्टे शाळेत कायले धाडाचे?"

सगळे हसले. हसले म्हणून मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

"बाबा, औषधाच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं?" मॅडमनी विचारलं.

"दुकानदार सांगते ना, पंपात किती झाकनं टाकाचे थे."

"आणि त्यानं चुकीचं सांगितलं तर?"

मी म्हणालो, "गाईड घ्या मॅडम, सोपं पडते," आणि खाली बसलो.

त्या ऐकणाऱ्या नव्हत्या. नातीनं माझ्या कपाटातल्या दोन पिशव्या नेल्या. मग घरात एक वेगळंच सुरू झालं. आजी गेल्यापासून मुकी झालेली पोरगी स्वयंपाक करता करता पुडे वाचायला लागली. "आबा, याच्यावर लिहेल हाये का थंड जागी ठेवा. अन् तुमी चुलीपाशी ठेवून राह्यले." मी डाफरायचो, "जास्त शहानी झाली," पण पुडा उचलून दुसरीकडे ठेवायचो. कधी ती भाकर थापताना इंग्रजीतच काहीतरी विचारायची आणि उत्तरही स्वतःच द्यायची. मला शब्द कळत नव्हता, पण घरात कोणीतरी बोलतंय हे कळत होतं.

भादवा सरत आला, भुलाबाई बसल्या. आमच्याकडे पोरी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात आणि मग ज्या घरी गेल्या त्या घरचा खाऊ ओळखतात. खाऊ डब्यात झाकलेला असतो. डबा हलवायचा, कानाला लावायचा, गोड का, खारा का, असं विचारायचं. ओळखल्याशिवाय, नाहीतर पोरींनी हरलो म्हटल्याशिवाय, झाकण उघडायचं नाही. आमची म्हातारी या कामात गावात पक्की होती. तिचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक डबा होता, एका अंगानं चेपलेला. त्यात ती दरवर्षी वेगळा खाऊ ठेवायची, कधी भाजून सोललेले चिंचोकेही, पण लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून. डबा कितीही हलवा, आवाज येणार नाही. बाहेरगावच्या सुना, नवीन आलेल्या पोरी, सगळ्या हरायच्या. मीही कधी तो डबा तिच्याआधी उघडला नाही. उघडला असता तर तिनं रात्रीचं जेवण बंद केलं असतं.

यंदा घरात सण नव्हता. माणूस गेलेल्या घरात पहिलं वर्ष सण करत नाहीत. नातीला मी सांगून ठेवलं होतं, भुलाबाई मांडायची नाही, कोणाच्या घरी जायचं नाही. डबा वरच्या फळीवर होता. मी येता-जाता त्याच्याकडे पाहायचो.

सोयाबीनची सोंगणी चालू होती. एका दुपारी मी विळा घ्यायला घरी आलो आणि फळी रिकामी दिसली. पहिल्यांदा वाटलं, भंगारवाल्याला दिला पोरीनं. शेजारीण म्हणाली, "शाळेत घेऊन गेली ना. इंग्रजीच्या मॅडमनं भुलाबाईचा खेळ ठेवला म्हने, इंग्रजीतून."

मग माझं डोकं चालेनासं झालं. सुतकाचं वर्ष, तिचा डबा, आणि खेळ. मी तसाच निघालो. वहाणा न काढता वर्गात शिरलो.

मॅडम खिडकीपाशी मागं उभ्या होत्या. पुढं माझी नात होती, टेबलावर डबा, तिचे दोन्ही हात झाकणावर. पोरं-पोरी पुढं झुकून बसलेली. मी कोणाला काही विचारलं नाही. "आजी जाऊन वर्स नाही झालं अन् तू अथी तमाशे करून राह्यली?" म्हणालो, आणि डबा हिसकावला.

झाकण घट्ट होतं. ओढताना ते सुटलं आणि कापडाची पुरचुंडी उलगडली. चिंचोके फरशीवर सगळीकडे गेले, बाकांखाली, मॅडमच्या पायापर्यंत. पोरगी तिच्या आजीसारखं गुंडाळायला शिकली होती.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मला आणखी ओरडता आलं असतं. दोन-तीन पोरी खाली बसून चिंचोके वेचायला लागल्या. नात हलली नाही. मॅडम म्हणाल्या, "बाबा, बसता का थोडं?" मी रिकामा डबा काखेत मारून हेडमास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, "हे इंग्रजी हाये का सर्कस? गाईड घ्याले लावा मॅडमले, नाहीतर आमी वर तक्रार करतो." माझ्यामागं आणखी दोन पालक लागले. त्यांचं म्हणणं काय होतं मला माहीत नाही, मी दार उघडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नववीचं इंग्रजी गाईडावर आलं.

नात माझ्यावर रागावली नाही. भाकर वेळेवर, चहा वेळेवर. फक्त पुडे वाचणं बंद झालं. संध्याकाळी ती दिव्याखाली बसून डोलत डोलत उत्तरं पाठ करायची, ज्या सुराला मी शिक्षण म्हणत होतो त्याच सुरात. मी बाजेवर पडून ऐकायचो. एकदा म्हटलं, "काय वं, याचा अर्थ काय?" ती म्हणाली, "अर्थ नाही इचारत पेपरात," आणि पुढचं उत्तर घेतलं.

कोजागरी झाली, दिवाळीही कोरडी गेली. सुट्टीत तिची मैत्रीण आली, समोरच्या घरची, तोंडाला कुलूप नसलेली. नात पाण्याला गेली होती. ती पोरगी उंबऱ्यातूनच म्हणाली, "आबा, तुमच्या नातीले मॅडम इंग्रजीच्या तासाले उभं करतात तं ते काईच बोलत नाही. पयले सगळ्यात जास्त तेच बोले."

"मले काय सांगते? मॅडमले सांग."

"तुमालेच सांगाचं हाये. मॅडमनं नाही उघडला डबा."

म्हातारी असती तर तिनं हेच सांगितलं असतं, आणखी चार शब्द वाढवून. नियम साधा होता, गावातली शेंबडी पोरगी पाळते. मी एवढी वर्षं ज्या बाईच्या घरात जेवलो तिचा नियम मी तिच्या माघारी मोडला, आणि नाव दिलं सुतकाचं.

शाळा उघडली तसा हेडमास्तरांकडे गेलो. "मॅडमले त्यायच्या पद्धतीनं शिकवू द्या," म्हणालो.

"तुमीच तं बंद कराले लावलं बाबा."

"मीच लावलं. आता मीच म्हनतो चालू करा."

"शाळा म्हंजे तुमच्या वावरातली मोटार हाये काय? बटन दाबलं का चालू, दाबलं का बंद?"

शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. मी म्हणालो, "बोला. आनखी बोला. पन मॅडमले बोलावा."

मॅडम आल्या. मी उभाच राहिलो. काय म्हणायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, "चुकलं माहं." त्यांनी मला बसायला सांगितलं. मग म्हणाल्या, "परत सुरू करते. पण पहिला डबा तुम्ही आणायचा. प्रश्न पोरं इंग्रजीत विचारतील. तुम्ही यस किंवा नो म्हणायचं."

"मले कळनार कसं, काय इचारून राह्यले थे?"

"कोणीतरी सांगेल तुम्हाला."

घरी येऊन मी विचारात पडलो, डब्यात काय ठेवावं. मला काही बनवता येत नाही. शेवटी मागच्या हिवाळ्यात म्हातारीनं वाळल्या बोरांचं बोरकूट केलं होतं, त्याची बरणी काढली. तळाशी थोडं उरलं होतं. तिच्या हातचं खायचं घरात एवढंच बाकी होतं. ते डब्यात काढलं, त्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधून. नात बाहेर गेली असताना केलं हे.

वर्गात वहाणा दाराशी काढल्या. मला टेबलामागं खुर्ची दिली. मॅडम म्हणाल्या, "आबांना इंग्रजी समजत नाही. त्यांच्याजवळ कोण बसणार?" सगळी पोरं नातीकडे पाहायला लागली. ती उठायला तयार नव्हती. त्या समोरच्या घरच्या पोरीनं तिला कोपर मारलं तेव्हा ती आली, माझ्याकडे न पाहता स्टूल ओढून बसली.

"इज इट स्वीट?" पहिला प्रश्न आला.

"गोड हाये का," नात माझ्या कानात म्हणाली. कोरड्या आवाजात, तलाठ्यासारखी.

"यस," मी म्हणालो. मग म्हणालो, "नो." वर्गात खसखस पिकली. "आंबट बी हाये, गोड बी हाये, मंग काय म्हनू?"

"बोथ म्हना," नात म्हणाली.

"बोथ."

हिवाळ्यात मिळतं का? यस. झाडाला लागतं का? यस. मोठं असतं का? नो. शेंगदाणा? नो. चिंच? नो. आवळा? नो. मला बरं वाटत होतं. खोटं कायले लिहू, मला वाटत होतं की यांना ओळखता येऊ नये, तास संपावा, सगळे विसरावेत आणि डबा होता तसा घरी जावा. ओळखलं तर वाटावं लागणार होतं. पोरांचा मोडलेला खेळ परत द्यायला आलो होतो आणि हात आखडून बसलो होतो. आवळ्यानंतर नातीनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं डब्यात काय आहे. ती सांगू शकत नव्हती, नियम होता.

मग मागच्या बाकावरच्या एका पोरानं विचारलं. नातीनं कानात सांगितलं, "तुमी बनवलं का?"

"नो."

सगळ्यांना माहीत होतं आमच्या घरात कोण नाही. समोरच्या घरची पोरगी उठली आणि हळूच म्हणाली, "डिड आजी मेक इट?"

हे मला सांगावं लागलं नाही. आजी कळलं. मला यस म्हणता आलं नाही, तोंडाला मराठीच आलं. "हो," म्हणालो.

नात उभी राहिली. माझं उत्तर तिनं वर्गाला मोठ्यानं सांगितलं. "यस. शी मेड इट." आणि थांबून, "लास्ट विंटर."

"बोरकूट," ती पोरगी म्हणाली.

मी झाकण काढलं. या वेळी सावकाश. नातीनं गाठ सोडली आणि बाकाबाकानं जाऊन एकेकाच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवली. मॅडमना दिली. आवाज ऐकून हेडमास्तर दाराशी आले होते, त्यांनाही दिली. ते चाटत म्हणाले, "मोटार चालू झाली म्हना." माझ्यापर्यंत येईस्तोवर कापडाला चिकटलेलं तेवढं उरलं होतं. मी नातीला म्हटलं, ते तू घे.

घरी जाताना ती पुढं, मी मागं, डबा तिच्या हातात.

"आबा, तुमचा नो लय खराब हाये," ती म्हणाली. "कुत्रं हाकलल्यासारखा."

"शिकव मंग."

थोडं चालल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी, मी आलो तवा, पोट्ट्यायनं काय काय इचारलं होतं तुले?"

"काईच नाही," ती म्हणाली. "मी डबा ठेवला अन् तुमी आले."

म्हणजे एकही प्रश्न झाला नव्हता. तिनं आजीसारखं गुंडाळलं होतं, कोणाला ओळखता आलं नसतं, सगळा वर्ग हरला असता. आता त्या वर्गाला चिंचोके माहीत झाले. एकदा दिसलेला खाऊ परत डब्यात ठेवत नाहीत.