धोंडुबाईनं दिलेला शब्द

कसबा बावड्याच्या शिवारात आमच्या बांधाला लागून आकारामचं रान होतं. उसाच्या हव्यासापायी त्यानं त्यात रात्रंदिवस पाणी सोडलं, पोत्यांमागून पोती रासायनिक खत ओतलं आणि चांगली काळी जमीन चोपण करून टाकली. वर पांढरा पापुद्रा, खाली दगड. मी सांगून दमलो. ऐकेल तो आकाराम कसला! एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच रानात तो भरदुपारी कोसळला आणि जागीच गेला.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. त्याच्या भावानं पोरांना सांभाळायचा शब्द दिला, मी बांध न कोरण्याचा दिला. कावळे आपले झाडावर बसून नुसते बघत होते. शेवटी त्याची बायको धोंडुबाई पुढं आली.

"तुमी जितं पडलासा, तितं पीक उभं करीन," ती म्हणाली. लगेच कावळा उतरला.

तेव्हापासून तिचं एकच चाललं. शेण, गोमूत्र, पालापाचोळा खड्ड्यात कुजवायचा आणि पाटीपाटीनं रानात न्यायचा. काही वर्षांत माती भुसभुशीत झाली, गांडुळं आली, जोंधळा डोक्याच्या वर गेला. फक्त आकाराम पडला होता ती जागा, माणूसभर लांबीची, तशीच पांढरी राहिली. संध्याकाळी तिथं खत पसरावं, तर सकाळी पांढरी माती पुन्हा उघडी. वारा नाही, पाऊस नाही. धोंडुबाई मात्र खुशीत असायची.

"आज लई भूक हुती त्यास्नी," मला सांगायची. मग तिथंच बसून घरच्या गोष्टी बोलायची, मध्येच थांबून ऐकायची, हसायची. मी मुकाट्यानं बैल सोडून घरची वाट धरायचो.

एका सकाळी त्या जागेवर हिरवे कोंब दिसले. मी धावतच तिच्या दारात गेलो.

"वैनी, शब्द पुरा झाला! सुटला आकाराम!"

ती पिठाचे हात तसेच ठेवून चुलीपाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी बघतो तर एकही कोंब नाही. गुरं शिरली म्हणून मी शिव्या घालत होतो, तोवर ती पाटी घेऊन आली.

"गुरं न्हाईत भावजी. मीच उपटलं."

मला तिची पहिल्यांदाच भीती वाटली. ती खाली बसली, हातानं खत पसरलं आणि मातीलाच म्हणाली, "एवढी कसली घाई लागलीया जायाची? मी हाय की अजून."