विसाव्याचे नऊ दगड

गुनवोर त्वाइट हिने जन्मात कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, आणि तेच तिला नडलं. पर्यटक जहाजाच्या सहलींच्या यादीसाठी तिने लिहून दिलं होतं, ‘डोंगरावरच्या शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत सोपी चाल, अर्धा तास.’ तिला अर्धा तासच लागायचा. तिचा भाऊ श्युर सत्तरीला टेकला होता, त्यालाही तेवढाच. ओसविक गावात शाळकरी पोर काय आणि पिकली म्हातारी काय, सगळी त्याच वेळात वर पोचतात, आणि पोचल्यावर दमलो म्हणणं इथे बेअदबीचं समजतात. तेव्हा ‘सोपी’ या शब्दात काही खोट असेल, हे गुनवोरच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात जहाज फ्योर्डमध्ये, डोंगरांमधल्या खाडीत, नांगर टाकून उभं राहिलं, छोट्या बोटींनी माणसं धक्क्यावर उतरली आणि त्यातली बावीस गुनवोरच्या मागे निघाली. पहिल्या वळणावर त्यांचं हसणं थांबलं, दुसऱ्यावर बोलणं. तिसऱ्यावर एक निवृत्त न्यायाधीश वाटेतच बसले आणि आपण इथून हलणार नाही असा निकाल त्यांनी दिला. वर पोचायला सव्वादोन तास लागले, आणि उतरताना तर चढण्याहून जास्त हाल झाले. शेवटची बोट तीनची. साडेतीनला जहाजाने भोंगा दिला, पावणेचारला पुन्हा दिला, आणि तिसऱ्या वेळी इतका लांबवला की घरातली माणसं जेवणं टाकून खिडकीशी आली.

गाव तिला काही बोललं नाही. ओसविक बोलत नाही, लक्षात ठेवतं. मग हिवाळाभर सहकारी दुकानात कुणी पाकीट शोधत रेंगाळलं की मागून हळूच ‘भों’ ऐकू यायचं. एकदा पाद्रीबाई प्रार्थनेला दोन मिनिटं उशिरा आल्या, तर त्यांनाही शेवटच्या बाकावरून भोंगा मिळाला. गुनवोर सरळ समोर बघत बसून राहिली. पस्तीस वर्षं टपालाची गाडी चालवलेली बाई, कानाआड करायची तिला सवय होती. पण लागलं तिला. फार लागलं.

चेष्टा तिने पचवली असती. मार्चमध्ये श्युरने दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी टोचली, ती मात्र पचेना. ‘तेवीस शेळ्या विकणे आहेत. सप्टेंबरात. श्युर.’ गावाचे एके काळी अकरा उन्हाळी गोठे होते, शेळ्यांबरोबर माणसंही चूल मांडून राहायची असे. आता श्युरचा हा एकच उरला होता. दोघं भावंडं लहानपणी प्रत्येक उन्हाळा तिथे राहिली, दूध आटवून तपकिरी चीज करायला तिथेच शिकली. आता ओझं घेऊन उतरताना श्युरचे गुडघे साथ देत नव्हते. चीज पाठीवर लादून खाली आणणं त्याला झेपत नव्हतं. पाहुणे वर येऊन तिथेच ते खाणार, विकत घेणार असतील तर गोठा चालेल, नाही तर कुलूप, असा साधा हिशेब त्याने मांडला होता.

गुनवोर तडक आयविनकडे गेली. आयविन हा जहाजांचा गावातला एजंट. त्याला लहानपणी स्की शिकवली होती ती गुनवोरने, त्यामुळे तिच्याशी बोलताना तो अजूनही पाय जुळवून उभा राहायचा.

"एक संधी देतो," तो म्हणाला. "जुलैत एक जहाज आहे. अठरा माणसं. तीनच्या बोटीत अठराच्या अठरा बसली पाहिजेत. एक मिनिट जरी उशीर झाला तरी तुझी चाल यादीतून गेली, मग मला काही करता येणार नाही."

"मी हळू चालेन."

"तुझं हळू मला ठाऊक आहे, गुनवोर. सात वर्षांचा असताना रडलोय मी त्या हळूच्या मागे."

मग गुनवोरने शोध सुरू केला तो बाहेरच्या माणसाच्या वेगाचा. आधी तिने चौऱ्याऐंशी वर्षांच्या शेजारणीला वाटेवर घेतलं. बाईंचा खुबा नुकताच बदलला होता, म्हणून मोठ्या आशेने घेतलं. बाई तिच्या आधी वर पोचल्या आणि वाट बघून कंटाळले म्हणाल्या. गावातलं कुणीच या कामाचं नव्हतं. शेवटी तिला दातांचा डॉक्टर आठवला. योस्ट, हॉलंडहून नुकताच आलेला. जिन्याहून उंच असं काही तो आयुष्यात चढला नव्हता.

"दात दुखतोय का?" दारात तिला बघून त्याने विचारलं.

"नाही. तुला डोंगरावर न्यायचंय. तू किती वाईट चालतोस ते बघायचंय."

योस्ट मनापासून वाईट चालला. पहिल्या वळणावर त्याने देवाचं नाव घेतलं, दुसऱ्यावर आईचं, तिसऱ्यावर काय म्हणाला ते त्याच्या भाषेत होतं म्हणून बरं. चौथ्यावर तो वाटेकडेच्या शेवाळलेल्या दगडावर धपकन बसला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

मग म्हणाला, "ही बसायची जागा मात्र झकास केलीय. कुणी केली?"

"कसली जागा? दगड आहे तो."

"हा आपोआप पडलेला दगड नाही, गुनवोर. खाली टेकू दिलाय बघ. पाठ टेकायलासुद्धा सोय आहे."

गुनवोरने चाकूने शेवाळ खरवडलं. खाली सपाट शिळा निघाली, बरोब्बर कमरेच्या उंचीची. पाठीवरचं ओझं न उतरवता मागे टेकवावं आणि दोरांचा भार खांद्यावरून जावा, एवढी. ती खाली धावली आणि तिसऱ्या वळणावर तिने शेवाळ खरवडलं. तिथेही होती. वरच्या वळणांवरही होत्या. एकूण नऊ. आधीच्या पिढ्यांमधल्या बाया याच वाटेने पाठीवर चीजचे गड्डे वाहून आणायच्या, आणि नऊ वेळा थांबायच्या. साठ वर्षं गुनवोर त्या दगडांवरून धावत गेली होती, एकदाही बसली नव्हती. अर्ध्या तासाची बढाई नंतरच्या, रिकाम्या पाठीच्या लोकांची. ती नवव्या दगडावर टेकली आणि तिला रडू आलं. योस्टने दुसरीकडे बघितलं, तेवढं तो इथे राहून शिकला होता.

आता बसायला जागा होत्या. पण उतारवयाची, पैसे मोजून आलेली माणसं नऊ वेळा थांबवली तर चिडतील, आणि उतरताना धट्टीकट्टी पुढे पळतील, बाकीची मागे राहतील. त्यांना धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. गुनवोरकडे तसं एकच होतं, आणि ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यासाठी ती धक्क्यावर मोल्फ्रिडकडे गेली. मोल्फ्रिड तिथल्या खोपटात वॅफल भाजून विकायची.

"मोल्फ्रिड, ती खोक्याची गोष्ट आहे ना. सांगू का मी पाहुण्यांना?"

मोल्फ्रिडने दोन वॅफलं उलटली, तिसरं साच्यात ओतलं.

"सांग. माझ्या नवऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नको म्हणजे झालं."

जुलैत जहाज आलं. अठरा जणांत सर्वांत शेवटी बोटीतून उतरली ती हान्नेलोर, वय एक्याऐंशी, हातात काठी. जर्मनीतल्या एका सपाट गावात तिने जन्मभर मुलींना शिवणकाम शिकवलं होतं. आयविनने गुनवोरला बाजूला घेतलं.

"या बाईंना मोल्फ्रिडकडे बसव. सतरा जण ने. मी सांभाळून घेतो."

"यादीत अठरा आहेत."

"गुनवोर, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"त्यांनी पायात बूट कुठले घातलेत बघ. त्या वॅफल खायला आलेल्या नाहीत."

पहिल्या दगडाशी गुनवोर थांबली आणि म्हणाली, "इथे तुम्हाला एक सांगायचंय. बसा." विश्रांती हा शब्द तिने दिवसभरात एकदाही उच्चारला नाही. गोष्ट अशी, की ती टपालात नवी असताना एका हिवाळ्यात हिमकडा कोसळून गावचा रस्ता बंद झाला. पलीकडच्या दरीतल्या टपालघरात गावच्या एका मुलीचा लग्नाचा पोशाख खोक्यात अडकून पडला, आणि लग्न शनिवारी होतं. मुलगी रोज टपालाच्या खिडकीशी यायची, तिकिटं घ्यायची, पोशाखाबद्दल एक शब्द विचारायची नाही. एवढं सांगून गुनवोर उठून चालू लागली.

"मग?" मागून कुणीतरी विचारलं.

"पुढच्या दगडावर."

दुसऱ्या दगडावर ती स्की बांधून पलीकडच्या दरीत गेली, तिसऱ्यावर खोकं पाठीला बांधलं, चौथ्यावर वारा सुटला. पाचव्यावर हान्नेलोर काठी आपटत सर्वांत आधी येऊन बसली आणि म्हणाली, "अगं, लवकर सांग. कापड कुठलं होतं? रेशीम असेल तर भिजून वाया जाईल." बाकीचे हसले. नवव्या दगडावर टपालवाली तरुणी बर्फाने चिंब होऊन याच गोठ्यात शिरली, खोकं ओलं लागत होतं, आणि टपालाचा नियम असा की दुसऱ्याचं खोकं उघडायचं नाही. जीव गेला तरी नाही.

"उघडलंस का तू?" हान्नेलोरने विचारलं.

"ते उतरताना."

वर श्युरने प्रत्येकाच्या हातात पातळ कुरकुरीत भाकरी आणि तपकिरी चीज दिलं. पाहुणे चुलीभोवती बसून खोकं उघडावं की नाही यावर भांडत होते. एक जण म्हणे नियम म्हणजे नियम, त्याची बायको म्हणे म्हणूनच तुला कुणी लग्नाला बोलवत नाही. श्युर चुलीकडे बघत होता, मग बहिणीकडे. त्या हिवाळ्यात बहिणीने ही चूल पेटवली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

एक वाजता सगळी उतरायला लागली. कुणी पुढे पळालं नाही, कारण पुढे पळणाऱ्याला गोष्ट मिळणार नव्हती. कुणी मागे राहिलं नाही, त्याच कारणाने. वाट ओली होती, सहाव्या दगडाच्या आसपास हान्नेलोरचा गुडघा बोलायला लागला, तर सकाळपासून एकमेकांचं नावही न विचारलेली माणसं तिच्या पुढे-मागे झाली. आठव्या दगडावर खोकं उघडलं होतं. सातव्यावर पोशाख चुलीवर वाळत घातला. पाचव्यावर टपालवालीला थकव्याने डुलकी लागली, आणि चौथ्यावर जाग आली ती जळक्या वासाने. डावी बाही मनगटापाशी करपली होती.

"अरे देवा," हान्नेलोर म्हणाली आणि गुडघा विसरून उठली. "चल, चल, पुढचा दगड."

तिसऱ्यावर तरुणी पोशाख घेऊन नवरीच्या दारात उभी होती. दुसऱ्यावर नवरीने बाही बघितली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आत ये, गारठली असशील." पहिल्या दगडाशी गुनवोर थांबली.

"मी टपालाचा नियम मोडला, आणि ते तिने जन्मभर कुणाला सांगितलं नाही. मला नोकरी टिकवायची होती, तिला ठाऊक होतं. बाहीचं तिने काय केलं ते मला विचारू नका. तिलाच विचारा. ती धक्क्यावर वॅफल विकते."

उरलेली वाट ती अठरा माणसं जवळजवळ धावली. आयविन हातातलं घड्याळ बघत धक्क्यावर येरझाऱ्या घालत होता. वळणावरून काठी उंचावत येणारी एक्याऐंशी वर्षांची बाई त्याने बघितली आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं. दोन वाजून एकतीस मिनिटं. हान्नेलोर सरळ वॅफलच्या खोपटाशी गेली.

"पट्टी लावलीत, की कापून आखूड केली?"

मोल्फ्रिडने हातातला चमचा खाली ठेवला. डाव्या मनगटावर तिने उजव्या हाताची दोन बोटं ठेवली.

"आईच्या पडद्याची जाळी होती, ती लावली. नवऱ्याला वाटतं तशीच फॅशन होती."

"मीही तेच केलं असतं," हान्नेलोर म्हणाली, आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले. मागच्या रांगेतले लोक डोळे पुसत वॅफल मागत होते. आयविन मोजत होता, तिसऱ्यांदा मोजत होता, दर वेळी अठराच भरत होते. पावणेतीनच्या बोटीतच सगळे गेले. तीनची बोट रिकामी आली, रिकामी गेली. जहाजाने वेळेवर एक आखूड भोंगा दिला, निघताना देतात तेवढाच. सहकारी दुकानासमोर उभी असलेली चार माणसं तो ऐकून गुनवोरकडे वळली. कुणी ‘भों’ केलं नाही. एकाने टोपी काढली.

आयविन धापा टाकत तिच्यामागून आला. "जहाजावरून निरोप आलाय. पुढच्या उन्हाळ्यातल्या नऊ फेऱ्यांच्या यादीत तुझी चाल घालताहेत. यादीत काय लिहू? सोपी चाल?"

"दोन तास लिही. आणि नऊ थांबे."

संध्याकाळी श्युर खाली उतरला. एरवी तो शनिवारशिवाय उतरत नाही. गुनवोर दुकानात दूध घेत होती.

"चीज संपलं," तो म्हणाला. "चुलीचं मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"वाईट नव्हतं, गुनवोर. आजचं."

साठ वर्षांत भावाच्या तोंडून एवढी स्तुती तिने ऐकली नव्हती, आणि पुढे ऐकायची आशाही नव्हती. श्युर फळ्यापाशी गेला, शेळ्यांची चिठ्ठी काढली, चार घड्या घालून खिशात ठेवली, आणि मोकळी टाचणी पुन्हा होती त्याच जागी नीट टोचली.