अण्णांचा शेवटचा पेपर

आमच्या अण्णांचं निम्मं आयुष्य 'पास' या एवढ्याशा इंग्रजी शब्दानं खाल्लं. ते फुलंब्रीच्या शाळेत गणित शिकवायचे आणि रोज शहरातून एसटीनं जायचे, त्यामुळं सदऱ्याच्या खिशात महिन्याचा पास. घराचा नकाशा पास व्हावा म्हणून महापालिकेत हेलपाटे. रविवारी पत्ते खेळताना हातात काही नसलं की "पास" म्हणून निवांत सुपारी कातरत बसायचे. मला मात्र त्यातला टाईमपास तेवढा पहिल्या झटक्यात जमला. मास्तरांचा मुलगा गणितातच गचकला, तेही एकदा नव्हे.

एकदा मी पेपरला निघालो, तर अण्णा दारातच म्हणाले, "बाह्या वर कर." दोन्ही दंडांवर सूत्रं होती. मोरीत नेऊन त्यांनी स्वतः साबणानं ती घासून काढली. "नापास हो, पण स्वतःच्या अकलेनं हो," म्हणाले. मी तो शब्द तंतोतंत पाळला. निकालाच्या दिवशी मी गच्चीवर तोंड लपवून बसलो होतो, तर हेच अण्णा आल्याचा चहा घेऊन वर आले. "घे. नापासाला चहा बंद असं कुठं लिहिलंय?"

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गॅस पास होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग काय, सकाळ-संध्याकाळ सिस्टरचा एकच प्रश्न, "आजोबा, पास झाला का?" ज्या आत्या-मावश्या दर जूनमध्ये माझ्यासाठी फोन करायच्या, त्यांचेच फोन, तोच काळजीचा सूर, "झाले का रे पास?" आणि मी वॉर्डाच्या मधोमध उभा राहून मोठ्यांदा सांगायचो, "अजून नाही!" पलीकडच्या खाटेपर्यंत हशा.

पलीकडच्या खाटेवर फुलंब्रीकडचे एक शेतकरी बाबा होते. त्यांचं ऑपरेशन अण्णांच्या नंतरचं, पण ते दुसऱ्याच सकाळी मोकळे झाले. बायकोनं वॉर्डात बत्तासे वाटले.

"मास्तर, म्या झालो बघा पास! तुमचं कसं काय अडकलं?"

"तुमचा पेपर सोपा होता," अण्णा म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण खोड जात नव्हती.

त्यांना हवा होता फक्त चहा. ओठ कोरडे पडलेले. मी ओल्या कापसानं पुसायचो. कुणी शेजारी चहा प्यायला लागलं की ते डोळे मिटून नुसता वास घ्यायचे. एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, "सांग ना सिस्टरला, झाला म्हणून."

"अण्णा, कॉपी?"

ते हसले आणि लगेच पोट धरलं. "हसवू नको गाढवा, टाके ओढतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिस्टर आली, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "झालो."

"नक्की ना, आजोबा?"

"मास्तर आहे मी."

डॉक्टरांनी पोट तपासलं, रात्री दोन-दोन चमचे पाणी आणि सकाळी थोडा चहा चालेल म्हणाले. अण्णांनी मान खिडकीकडं वळवली होती. "सकाळी घरचा आण," मला म्हणाले. "आलं जास्त घाल."

मी सगळ्या नातेवाइकांना फोन केले. आत्या तर रडलीच.

सकाळी थर्मास घेऊन पोचलो, तर अण्णांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला. पहाटे हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. "पाण्यानं का?" मी विचारलं. "नाही हो. दोन चमचे पाण्यानं काही होत नाही."

मी सह्या करून थर्मास घ्यायला परत आलो. शेतकरी बाबांनी माझा हात धरला.

"दादा, सांगू का नगं... रातच्याला मास्तर मला म्हणले, 'झालो नाय हो पास. चहापायी कॉपी केली. पोराला सांगू नका, लई हसंल.'"

मी हसलो नाही.

दुपारी गाडीची वाट बघत खाली बाकावर बसलो. थर्मास मांडीवर होता. काय करावं सुचेना, म्हणून झाकणात ओतून एक घोट घेतला. आलं होतं, भरपूर होतं. साखर घालायची मी विसरलो होतो.

अण्णांनी एका घोटातच मला पुन्हा नापास केलं असतं. आणि कप रिकामा करून वर म्हणाले असते, "अजून ओत."