उभ्यानं जेवणारे काका

आमच्या शेजारचे काका उभ्यानं जेवायचे. घरात टेबल होतं, चार खुर्च्या होत्या, तरी हे ताट हातावर घेऊन उंबऱ्यात. उजवा खांदा चौकटीला टेकलेला, तोंड समुद्राकडे. तुम्ही कधी आमच्या पाली कोळीवाड्याच्या त्या अरुंद गल्लीतून स्कूटर काढली असेल, तर तुम्हालाही ते दिसले असतील. कुणासाठी हटायचे नाहीत, ताट तेवढं पोटाशी घ्यायचे.

"लगीनघरासारखं काय रोज उभ्यानं खाता?" काकी करवादायच्या.

"बसलो की उठाया उशीर व्हतो."

पालीत लहान होड्या अजून माणसंच किनाऱ्यावर ओढतात. "हात लावा रेऽ!" अशी हाक आली की ज्याला ऐकू येईल त्यानं जायचं, होडी कुणाची हे विचारायचं नाही. काका सगळ्यांच्या आधी पोचायचे, तेही कालवणाचा हात न धुता. मग होडी ओढायचा तो दोर गल्लीतली मांजरं हुंगत बसायची. "काका, आज बोंबील ना?" म्हणून लोक चिडवायचे. काका कधी हसल्याचं मला आठवत नाही.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्याकडे रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. भाईंदरहून ऑफिस करून कितीही दमून आले तरी बायबल वाचायचं काम माझ्याकडे, आवाज खणखणीत म्हणून. त्या दिवसांत नीतिमान माणसांच्या छळाच्या गोष्टी निघायच्या. भावाच्या हातून मेलेला हाबेल, विहिरीतल्या चिखलात रुतलेला यिर्मया, दगडांनी ठेचलेला स्तेफन. सगळे हळहळायचे, मारणाऱ्यांना नावं ठेवायचे. काका दारातून एकच विचारायचे.

"ते झालं पोरी. पन बाकीचे कुठं व्हते?"

मला गंमत वाटायची. एकदा म्हटलंही, "काका, बायबलात बाकीच्यांची हजेरी घेत नाहीत!" सगळं घर हसलं.

मग एका संध्याकाळी योसेफाची गोष्ट आली. भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं आणि ते जेवायला बसले, असं मी वाचलं. प्रश्नासाठी मान वर केली, तर दारात कुणी नव्हतं.

काका त्यांच्या ओट्यावर सापडले. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले.

त्यांचा धाकटा भाऊ. गावातल्या एका बड्या घरची जाळी चोरीला गेली आणि आळ आला परगावच्या खलाशावर. भाऊ भर बैठकीत म्हणाला, यानं चोरली नाही, मालकाच्याच मुलानं विकली, मी डोळ्यांनी पाहिलं. ते खरं होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी गावानं ठरवलं, भावाच्या होडीला कुणी हात लावायचा नाही.

"मी जेवाया बसलो व्हतो," काका म्हणाले. "हाक आली. भावाचा आवाज मी वळखनार न्हाय व्हय? पन घास खाली ठेवला न्हाय."

एकट्याला होडी पेलली नाही. मागं घसरली आणि त्याचा गुडघा चिरडला. तो गाव सोडून काशीमीऱ्याला एका गोदामावर वॉचमन झाला, परत पालीत आला नाही.

"माफी मागाया दोनदा गेलो. गेटापासून मागं फिरलो."

बाकीच्यांच्या हजेरीचा माझा तो विनोद मला तेव्हा आठवला.

काका यंदा उपवासकाळातच गेले. माती देऊन आल्यावर आम्ही त्यांच्या घरी मयताचा भात जेवायला बसलो होतो, तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आत आला. ओळख सांगावी लागली नाही, काकांचंच नाक. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"तो उभ्यानं जेवायचा म्हनं, कुठं?" त्यानं काकींना विचारलं.

काकींनी चौकटीकडे बोट दाखवलं. खांदा टेकून टेकून तिथला रंग उडाला होता, लाकडाला तेलकट डाग पडला होता. म्हाताऱ्यानं त्या डागावर हात ठेवला.

"मी राग कवाच सोडून दिला व्हता," तो म्हणाला. "येऊन सांगायचं तेवढं राह्यलं."

मग त्यानं काठी भिंतीला लावली, ताट मागून घेतलं, त्या डागावर खांदा टेकला आणि दुखऱ्या पायावर उभा राहून जेवू लागला. आम्ही सगळे बसलो होतो, हातात घास धरून.