गोळ्या वाढल्या

मंगळवारी घोडपदेवच्या त्याच चाळीचा चौथा मजला दुसऱ्यांदा चढले आणि डोकं असं फिरलं होतं ना... लिफ्ट नाही, खांद्याला बीपीचं मशीन, आणि कारण काय, तर फॉर्ममधला एक रकाना रिकामा.

आमचा रिसर्च प्रोजेक्ट चालू आहे. चाळीत घरोघरी जाऊन बीपीची माहिती द्यायची आणि त्यानंतर लोक गोळ्या नीट घेतात का ते बघायचं. बघायचं म्हणजे टॅबवर टिक करायची... गोळ्यांचं प्रमाण तेवढंच, वाढलं किंवा कमी झालं. हे तीन पर्याय कुणी एसीत बसून काढले देव जाणे.

चौथ्या मजल्यावर मालवणकडच्या एक काकी राहतात. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचं बीपी जास्तच आलं होतं, पण गोळ्या ‘वाढल्या’ असं त्या म्हणाल्या. म्हणजे डॉक्टरांनी डोस वाढवलाय, लक्ष आहे कुणाचंतरी... मी टिक केली आणि निवांत घरी गेले.

आता प्रोजेक्टच्या सरांचा फोन, की कुठली गोळी वाढवली ते नाव भरलेलं नाहीस. जा परत.

काकी एकट्याच होत्या. गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, मुलगा-सून कामावर. मी जरा तोऱ्यातच विचारलं, कुठली गोळी वाढवली डॉक्टरांनी?  त्यांनी फळीवरचा स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला. आत नुसती रिकामी पाकिटं.

“गोळ्यो वाढल्यो म्हणान तेवाच सांगलंय ना तुका?”

अरे देवा... घरातलं काही संपलं तरी ‘संपलं’ म्हणायचं नाही, ‘वाढलं’ म्हणायचं. आमच्या दादरच्या घरी आईसुद्धा तांदूळ वाढले, मीठ वाढलं असंच म्हणते. जन्मभर हे ऐकूनही माझी अक्कल त्या दिवशी शेण खायला गेली होती.

मग मुलाला का नाही सांगितलंत, असं मी जवळजवळ ओरडलेच. त्या शांतपणे म्हणाल्या,

“तुका सांगलंय ना. माका वाटला, तू लिवन घेतलंस, म्हणजे गोळ्यो धाडतलंस.”

पंधरा दिवस ती बाई माझ्या भरवशावर बसली होती... बीपी घेतलं तर आधीपेक्षाही वर.  मुलाला फोन लावला, तो आल्यावर दोघांनी मिळून काकींना हळूहळू खाली उतरवलं आणि दवाखान्यात नेलं. गोळ्या परत सुरू झाल्या. आता बऱ्या आहेत.

सरांना म्हटलं, फॉर्म दुरुस्त करा. तर म्हणे ‘संपल्या’ असा पर्याय सिस्टिममध्ये नाही. यावर काय बोलायचं सांगा...

पण खरी लाज वाटली ती दवाखान्यातून परतल्यावर. शेजारीण दारात आली, तर काकी तिला माझं कौतुक सांगत होत्या, की ही पोरगी लिहून घेते ना, मग येते हो. उशिरा आली, पण आली.

मला मान वर करवेना.