पोस्टमनचा जुना पत्ता

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पोस्टमन टपाल कचेरीत छाटणीच्या खणांसमोर उभा होता. पाय मुरगळल्यामुळे तीन आठवडे घरी बसल्यावर कामाचा हा पहिला दिवस. डाव्या हातावर पाकिटांची चळत होती आणि उजवा हात आपसूक चालत होता: गल्ली, घर, मजला. या बीटवर, वाटपाच्या याच ठरलेल्या गल्ल्यांत, त्याची सारी नोकरी सरली होती.

त्याच्या गैरहजेरीत बीट सांभाळणारा राखीव पोस्टमन शेजारच्या खणांपाशी चहा पीत होता. सगळे त्याला राखीवच म्हणत. निवृत्तीला आला तरी त्याला स्वतःची बीट मिळाली नव्हती.

"बीट झकास आहे तुमची," राखीव म्हणाला. "फक्त त्या कोपऱ्यावरच्या कुत्र्याशी तुमचं काय नातं आहे ते कळेना. पाकीट दिसलं की शेपूट हलवतो, मी दिसलो की दात दाखवतो."

"त्याला नवे लोक चालत नाहीत."

"आणि वहिनींची दोन पत्रं होती. लांब पाकिटं, इस्पितळाची. टाकली पेटीत."

पोस्टमनचा हात थांबला.

"कुठल्या पेटीत?"

"पत्ता होता तिथल्या. आणखी कुठल्या टाकणार?"

चळत त्याच्या हातावर तशीच राहिली. वरची दोन पाकिटं घसरून खाली पडली, पण ती उचलायचंही त्याला सुचलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी त्याने घर बदललं, पण पत्ता कुठेच बदलला नव्हता. बँक, विमा, इस्पितळ, सगळीकडे जुनंच घर. ते त्याच्याच बीटवर होतं. घरच्या कुणाच्या नावाचं पाकीट छाटणीत दिसलं की ते त्याच्या खिशात जायचं आणि दुपारी घरी पोचायचं. अर्ज भरतो कोण? लोकांना मात्र तो दारोदार बजावत असे, "आधी पत्ता बदला, मग कपाटं हलवा."

घोटा मुरगळायच्या दोन दिवस आधी बायकोच्या छातीतल्या गाठीची तपासणी झाली होती. तिथल्या नर्सने सांगितलं होतं, काही निघालं तर पत्र येईल, पंधरा दिवसांत आलं नाही तर निर्धास्त राहा. पंधरा दिवस झाल्यावर बायकोने विचारलं होतं, "अहो, नक्की काही आलं नाही ना?" उशीवर पाय ठेवून तो म्हणाला होता, "अगं, आलं असतं तर माझ्या हातून सुटलं असतं का?" तिने त्या संध्याकाळी स्वयंपाकघराला नवे पडदे शिवायला घेतले.

आपला हात तेवढे दिवस छाटणीला नव्हताच, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आठच्या सुमारास तो जुन्या घराच्या जिन्यात पोचला. पेटी रिकामी होती. त्याने दार ठोठावलं. तिथे आता बेकरीत काम करणारी बाई भाड्याने राहत होती. रात्रपाळी करून आलेली, केसांत अजून पीठ.

"माझ्या बायकोच्या नावाची पत्रं आली होती का हो, ताई?"

"ती तुमच्या मिसेसची होती? मला काय ठाऊक, दादा. माझं नाव नाही एवढंच बघितलं. परत टाकली की मी." ती अभिमानानेच म्हणाली. "पहिल्या महिन्यात मी दुसऱ्याचं टपाल कचऱ्यात टाकलं, तेव्हा काय झापलं होतंत मला. 'येथे राहत नाहीत' असं लिहा आणि रस्त्यावरच्या टपालाच्या डब्यात टाका, म्हणालात. दोन्हींवर लिहिलं. अगदी सुवाच्य."

त्याने पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"चुकलं का काही?"

"नाही. बरोबर केलंत."

साडेआठला इस्पितळाचा तपासणी विभाग उघडला, तेव्हा तो त्याच जिन्यात बसून होता. तिथूनच त्याने मोबाइलवरून फोन लावला. पिशवी मांडीवर. तिथल्या कारकून बाईंनी फाइल शोधायला बराच वेळ घेतला.

"दोन पत्रं पाठवली होती. दोन्ही परत आली. फोनही लागत नाही."

तो जुन्या घरातला फोन होता, घर सोडताना बंद केलेला.

"काय होतं पत्रात?"

"पुन्हा तपासणीला बोलावलंय. आठवड्याच्या आत यावं, असं पहिल्या पत्रात आहे." कागद उलटल्याचा आवाज आला. "तो आठवडा तर केव्हाच उलटला. उद्या साडेआठला आणा त्यांना, दुसरा नंबर देते. आणि पत्ता सांगा."

त्याने पत्ता सांगितला.

"तोच तर आहे आमच्याकडे," बाई म्हणाल्या.

त्याच्या तोंडून जुनाच पत्ता गेला होता. नवा आठवायला त्याला दोनदा सुरुवात करावी लागली. शेकडो दारं ज्याला तोंडपाठ होती, त्याला स्वतःच्या घराचा नंबर जुळवून सांगावा लागला.

उरलेली बीट त्याने कशी केली ते त्याला पुढे सांगता आलं नाही. एका घराचं टपाल शेजारच्या पेटीत पडलं, एवढंच त्या दिवशीच्या तक्रारीवरून कळतं.

दुपारी तो घरी आला. बायको बटाटे सोलत होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं, राखीवपासून बेकरीवालीपर्यंत. तिचं सोलणं थांबलं नाही. साल मात्र जाड निघू लागली.

"म्हणजे पत्र आलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"दोन."

"दोन."

"आणि मी पडदे शिवत बसले." तिने सुरी खाली ठेवली. "साऱ्या गावाला पत्ता बदला म्हणून पिडता. आपल्या घरी कोण येणार होतं सांगायला, पोस्टमास्तर?"

 तिने हात पुसले, खुर्ची ओढली आणि बसली. तिचा हात नकळत गाठीच्या जागी गेला, मग मांडीवर आला.

"किती वाजता म्हणाल्या?"

"साडेआठ."

"मग उद्या तुमचा डबा नको करायला."

संध्याकाळी त्याने कचेरीत जाऊन दोन कागद दिले: एक रजेचा, दुसरा पत्ताबदलाचा. उद्या सकाळी सहाला त्याची बीट राखीव छाटणार आहे. तपासणी विभाग साडेआठला उघडतो. यादीत तिचं नाव दुसरं आहे.