बांजाखालची माती

बनारसच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरातली मी मुलगी. वडील मुलांना वेद शिकवायचे. मी कॉलेजात मातीवर पीएच.डी. करायला लागले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हात-पाय धुतल्याशिवाय माजघरात येऊ नकोस."

कुमाऊंच्या डोंगरात एका उतारावर बांजाचं, म्हणजे तिकडच्या ओकचं, जुनं जंगल होतं आणि शेजारीच चिडाची, म्हणजे पाइनची, लागवड. दोन्हीकडे कंबरभर खड्डे खणून मी थराथराची माती पिशव्यांत भरायची आणि बनारसला आणून तिच्यातला कार्बन मोजायची. बांजाखालची माती काळी, ओलसर, पानं कुजून खोलवर मुरलेली. चिडाखाली सुईसारख्या पानांचा ढीग नुसता वर साचलेला, खाली माती फिकट. आकडेही तेच सांगत होते. बांजाखाली कार्बन कितीतरी जास्त, आणि त्यातला बराचसा खोलात.

माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर तेव्हा बांज तोडून चीड लावण्याच्या एका योजनेचे सल्लागार होते. माझे आकडे बघून म्हणाले, "इतना गहरा क्यों खोदती हो? ऊपर-ऊपर का रखो, फ़र्क़ कम दिखेगा."

"पण सर, कार्बन तर खालीच आहे."

"तो नीचे मत देखो."

वरवरचेच आकडे घेतलेल्या त्यांच्या अहवालावर मी सही केली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजात गेले तर पिशव्या ठेवायची माझी खोली रिकामी. शिपाई खाली मान घालून म्हणाला, "साहब बोले, कचरा है, फेंक दो." मागच्या बागेत सगळ्या पिशव्या फाडून ओतल्या होत्या, बांज आणि चीड एकाच ढिगात. विभागप्रमुखांकडे तक्रार केली, तर ते हसले. "मिट्टी ही तो है, फिर ले आना." पुन्हा जायला सरांची परवानगी लागायची. ती त्यांनी कधीच दिली नाही.

वडिलांना वाटलं, मी माफी मागावी. "गुरूशी वाकडं घेऊन विद्या मिळत नसते. जा, पाया पड."

"पाया पडण्यासारखं काय केलंय त्यांनी?"

पीएच.डी. सुटली ती सुटलीच. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. सरांचे मात्र सत्कार झाले. पर्यावरणावर त्यांची भाषणं व्हायची, पेपरात फोटो यायचे.

निवृत्त झाल्यावर मी त्या उतारावर जाऊन आले. बांज उरला नव्हता. त्याच्या जागी लावलेला चीड उन्हाळ्यातल्या वणव्यात होरपळला होता, आणि पावसाने माती वाहून जाऊन खडक उघडा पडला होता. खालच्या रस्त्यावर एक बाई हंडे मांडून टँकरची वाट बघत बसली होती. म्हणाली, "पहले यहीं पानी का सोता था, दीदी. जंगल कटा तो सूख गया."

मी कोण, इथे पूर्वी काय करत होते, यातलं काहीच मी तिला सांगितलं नाही. सांगून तिचा हंडा भरणार नव्हता. घरी आल्यावर बहीण म्हणाली, "बघ, शेवटी तूच खरी ठरलीस." मला तिचाच राग आला.